सात नंबरची एक्सचेंज

माझ्या नाकावर राग असतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला धक्का बसायला नको. वसतिगृहात माझं नाव तडतडी होतं आणि ते ठेवणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. पण ही हकीकत माझी नाही. जिची आहे तिला चिडलेलं कोणी पाहिलं नाही, तिचा आवाज चढलेला कोणी ऐकला नाही, आणि आमच्या चौघींच्या प्रत्येक फोटोत ती कडेला उभी राहून अर्धी कापली गेली आहे. तिला आम्ही एक्सचेंज म्हणायचो.

मुलींच्या वसतिगृहात दुसऱ्या मजल्यावरची सात नंबरची खोली आमची. चार खाटा, चार कपाटं, आणि त्यातल्या एका कपाटाचं दार लाथ घातल्याशिवाय उघडायचं नाही. लंबू, पेंगूळ, मी आणि ती. लंबू इतकी उंच की दारातून येताना गरज नसली तरी सवयीनं वाकायची. पेंगूळ तोंडात ब्रश धरून भिंतीला टेकून झोपायची. खोटं नाही, मी स्वतः तिच्या तोंडातला ब्रश काढून तिला खाटेवर नेऊन टाकलंय. आणि एक्सचेंज? तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही असंच आम्हाला तेव्हा वाटायचं. तिच्या आईची लाँड्री होती, दर शनिवारी ती आम्हा तिघींचे कपडे न विचारता इस्त्री करून ठेवायची. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, पाठ शेवटी. चुरगळलेलं कापड बघून तिचा जीव खरोखर कासावीस व्हायचा.

हे नाव तिला पडलं पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत. तेव्हा आतासारखे ज्याच्या त्याच्या हातात फोन नव्हते. माझ्या घरी फोन नाही, लंबूच्या घरी नाही, पेंगूळच्या घरी तर तारच पोचलेली नव्हती. आम्ही बाहेर जाऊन फोन करू शकत होतो, पण आम्हाला कोणी करू शकत नव्हतं. फोन होता फक्त तिच्या लाँड्रीत. मग निघायच्या आदल्या दिवशी तिनंच तोड काढली. दर रविवारी मी दहा वाजता पोस्टाच्या दारातल्या नाण्याच्या फोनवरून तिला फोन करायचा, लंबूनं साडेदहाला तिच्या घराखालच्या औषधाच्या दुकानातून, आणि पेंगूळनं अकराला मामाच्या बंद ऑफिसमधून. त्याआधी ती उठलीच नसती. जिनं तिनं आपली खबर द्यायची आणि इतर दोघींची घ्यायची. एका नाण्यात तीन मिनिटं, त्यात सगळं बसवायचं. आम्हा तिघींना जोडणारी ती, म्हणून ती आमची टेलिफोन एक्सचेंज.

काय सांगू, ती तीन मिनिटं! आठवडाभर मी मनात जुळवाजुळव करायची, हे सांगायचं, ते सांगायचं. लंबू सायकल शिकायला गेली पण पाय जमिनीला टेकतात म्हणून तिला नीट पडताही येत नाही, हे मला लाँड्रीतूनच कळलं. पेंगूळ दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत तोंड उघडं ठेवून झोपली, हेही. एक्सचेंज काही लिहून ठेवत नसे. सगळं डोक्यात, आणि जिचं तिच्या आवाजात. लंबूचं बोलणं ती लंबूसारखं ओढून सांगायची, पेंगूळचं मधे जांभई घालून. माझी नक्कल ती त्या दोघींना कशी करून दाखवत असेल याचा मी कधी विचारच केला नाही. त्या सुट्टीनंतर आम्ही परत आलो तेव्हा मधे एक दिवसही गेला नव्हता असं वाटत होतं. अजून कधी एकटीच बसले की मला तो पोस्टाचा फोन आठवतो, त्याचा तापलेला काळा रिसीव्हर, मागे रांगेत खाकरणारे लोक, आणि मी मात्र खुशाल हसत सुटलेली. तसं हसू पुन्हा मला फारसं आलं नाही, हे कबूल करायला हरकत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मात्र सगळं बिनसलं. झालं असं की शेवटच्या वर्षासाठी वसतिगृहाचा एक नियम होता. चौघींची नावं असलेला एकच अर्ज आला तर जुनी खोली तशीच मिळायची. एक जरी नाव कमी पडलं तर उरलेल्यांना जिथं जागा असेल तिथं टाकायचे, मग कोण कुठल्या मजल्यावर जाईल याचा नेम नाही. अर्ज कॉलेज उघडायच्या तीन आठवडे आधी पोचायला हवा होता. आम्हाला सात नंबर सोडून दुसरं काही नको होतं. तो अर्ज एक्सचेंजनं आपल्या बॅगेत ठेवला. सुट्टीत सगळ्यांनी फोनवर हो म्हटलं की ती नावं भरून टाकणार होती.

आणि निघायच्या दिवशी मी लंबूशी भांडले. बाबा मला न्यायला आले होते. मी नाटकात काम करते हे घरी कोणाला माहीत नव्हतं. मी सोडलं असं सांगितलं होतं. लंबू बिचारी भोळी, तिनं जिन्यात बाबांना गाठून कौतुकानं सांगितलं की काका, यंदा मुख्य भूमिका तुमच्याच मुलीची होती, काय काम केलंय म्हणून सांगू. बाबांनी तिथल्या तिथं मला बजावलं, पुढच्या वर्षी नाटक बंद, नाहीतर कॉलेज बंद. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वर खोलीत गेले आणि लंबूला म्हणाले, “तुला बाप नाही म्हणून दुसऱ्यांच्या बापांशी लाडीगोडी करत फिरतेस का?”

तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले होते. तिनं बॅग उचलली आणि वाकून दारातून बाहेर पडली. एक्सचेंज तिथंच होती, चादरींच्या घड्या घालत. तिचे वडीलही ती तीन वर्षांची असताना घर सोडून निघून गेलेले. खोलीत बापाविना वाढलेल्या दोघी होत्या हे मला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही. ती घडी घालायची थांबली नाही, एवढं मात्र आठवतं.

पहिल्या रविवारी मी फोन केला तो तणतणतच. लंबूचं नाव काढलंस तर फोन आदळीन, असं मी बजावलं. ती म्हणाली, बरं, नाही काढत. मग पेंगूळची निघतानाची बातमी दिली, आणि नाणं संपायला आलं तेव्हा हळूच म्हणाली की एका जणीनं विचारलंय, बाबांचा राग उतरला का म्हणून. मी उत्तर द्यायच्या आत फोन कटला. आठवडाभर मी त्या एका वाक्यावर धुमसत राहिले. दुसऱ्या रविवारीही तोंडाचा पट्टा सुरूच. तिसऱ्या रविवारी मी लंबूबद्दल बोलत असताना तिकडे काहीतरी धाडकन पडलं, एक्सचेंज एक मिनिट म्हणून गेली आणि माझं अर्धं नाणं वाया गेलं. परत आली तेव्हा तिला धाप लागली होती. काही नाही, खुर्ची पडली, म्हणाली, हं, तू बोल. मी चिडले होते. पैसे काय झाडाला लागतात का, असंही बोलले असेन.

पण हळूहळू बातम्यांचा सूर बदलायला लागला. लंबू म्हणत होती की चूक तिचीच, आधी मला विचारायला हवं होतं. लंबू म्हणत होती की नाटकातलं माझं काम तिला अजून डोळ्यांसमोर दिसतं. लंबूचा एकदा बोलताना गळा दाटून आला. मी वरवर हूं हूं करायची, पण पोस्टातून घरी येताना पावलं हलकी पडायची. अखेर सातव्या रविवारी मी म्हटलं, माझं नाव घाल अर्जात, आणि तिचंही घाल. एवढं म्हणायलाही मला सात आठवडे लागले, आणि माफीचा शब्द तर तेव्हाही तोंडातून निघाला नाही. समोरचीनं माफी मागितली होती ना, मग माझी गरजच काय? असा माझा तेव्हाचा हिशेब.

कॉलेज उघडलं. मी सात नंबरमध्ये पोचले तर लंबू आधीच येऊन बसलेली. दोघीही जरा अवघडलो. मग मी मोठ्या मनानं म्हटलं की जाऊ दे, तू माफी मागितलीस, माझ्या मनात काही नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “मी? अगं, माफी तर तू मागितलीस. रडलीस म्हणे फोनवर.”

मी फोनवर रडले नव्हते. तिचा गळा दाटला नव्हता. तिनं तर पहिल्या रविवारीच सांगून टाकलं होतं की तडतडी असेल त्या खोलीत मी पाय ठेवणार नाही. लाँड्रीत बसून त्या मुलीनं दोन्ही बाजूंचे निरोप पदरचे बनवले होते, माझ्याकडून तिला आणि तिच्याकडून मला, आठवड्याला थोडे थोडे, घाई न करता. आम्ही दोघी खाटेवर पडून पोट दुखेपर्यंत हसलो. हसता हसता मी लंबूचा हात धरला आणि जे दहा आठवड्यांपूर्वी म्हणायला हवं होतं ते म्हटलं. ती म्हणाली, पुरे, एकदा मागितलीस तेवढी बस झाली. मग आम्ही ठरवलं की एक्सचेंज आली की तिला उशीनं बडवायची. तिची गादी खिडकीपाशी टाकली, कपाट पुसून ठेवलं. पेंगूळ आली, तिला सगळं सांगितलं, तीही न झोपता वाट बघत बसली.

संध्याकाळी मॅट्रनबाई हजेरीला आल्या. त्यांनी यादीवर चौथ्या नावापुढे रेघ मारली. मी म्हटलं, बाई, ती येतेय, गाडीला उशीर झाला असेल. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “तिचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. आईला अर्धांगवायू झालाय, कॉलेज सोडलं तिनं. तुम्ही दर रविवारी बोलत होतात ना?”

दहा रविवार, तिघी मिळून तीस फोन. त्यात ती स्वतःबद्दल काय बोलली होती ते आठवायचा आम्ही प्रयत्न केला. काहीच आठवेना, कारण काही नव्हतंच. पेंगूळ म्हणाली की तिनं एकदा विचारलं होतं, तू कशी आहेस म्हणून. ती मजेत म्हणाली, आणि मग पेंगूळनं आपलंच पुढे चालू केलं. निदान पेंगूळनं एकदा तरी विचारलं होतं. मी एकदाही नाही. येणार नाही हे माहीत असताना तिनं अर्जावर आपलं नाव घातलं होतं, कारण तीन नावांना खोली मिळत नव्हती. खोली आमच्या नावावर लागली, आणि मगच तिनं मॅट्रनबाईंना पत्र टाकलं.

त्याच शनिवारी आम्ही तिघी पाच तासांचा प्रवास करून तिच्या लाँड्रीत गेलो. दोन वर्षांत आम्ही तिचं घर पाहिलं नव्हतं, हेही तिथं पोचल्यावरच लक्षात आलं. अरुंद दुकान, मागे दोन खोल्या. ब्लँकेट गुंडाळलेलं लांब टेबल, वाफेनं घामेजलेल्या भिंती, नंबर शिवलेल्या कपड्यांचे गठ्ठे. फोन गल्ल्यावर भिंतीला टांगलेला, आणि त्याची गुंडाळीची वायर ओढून ओढून अगदी सरळ झालेली. रिसीव्हर खांदा आणि कान यांच्यात दाबून ती इस्त्री करत बोलायची, कारण रविवार हा तिचा सगळ्यात कामाचा दिवस. सोमवारचे कपडे न्यायला सगळं गिऱ्हाईक रविवारी यायचं. तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. कोपऱ्यातल्या खुर्चीत तिची आई बसलेली, उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. सुट्टी लागून दोन आठवडे झाले आणि त्या कोसळल्या होत्या. तिसऱ्या रविवारी धाडकन पडली ती खुर्ची नव्हती, काकू उठायला गेल्या होत्या.

काकूंना तेव्हा धड बोलता येत नव्हतं, पण त्यांनी डाव्या हातानं आम्हाला एकेकीला बरोबर ओळखलं. लंबूकडे बोट करून हात उंच केला, पेंगूळकडे बघून डोळे मिटले, आणि माझ्याकडे बघून बोटांनी काहीतरी फुटल्यासारखं केलं. एक्सचेंज हसत होती. म्हणाली, बसा, चहा टाकते, प्रवास कसा झाला, पेंगूळ किती झोपली? आणि माझा पारा चढला. मी तिच्या दुकानात, तिच्या आईसमोर, गिऱ्हाइकांसमोर तिच्यावर ओरडले. आम्हाला सांगितलं का नाहीस? आम्ही कोण तुझ्या? खोटे निरोप बनवायला वेळ होता आणि खरी गोष्ट सांगायला नव्हता?

तिनं इस्त्री उभी ठेवली. “सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी तुम्ही माझंच विचारत बसला असता. मग तुमचं दोघींचं राहून गेलं असतं. सात नंबर गेला असता गं.”

“खड्ड्यात गेला सात नंबर,” मी म्हटलं. “आता तुझं सांग.”

तिला सुरुवात कुठून करायची तेच कळेना. सवयीनं ती म्हणाली, लंबूचं ते सुट्टीतलं वाचनालयातलं काम... मी म्हटलं, लंबूचं नको, तुझं. मग ती टेबलाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली की तिला परीक्षेला बसायचं होतं, फार बसायचं होतं. आणि रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिला रडताना पाहिलं, आणि ती रडताना आवाज करत नाही हेही तेव्हाच कळलं. त्या दिवशी आम्ही तिघींनी तिथं कपड्यांना इस्त्री केली. लंबूनं एक बाही जाळली, पेंगूळ गठ्ठ्यावर झोपली, आणि एक्सचेंजनं आमच्या सगळ्या घड्या आम्ही पाठ वळवल्यावर उलगडून पुन्हा घातल्या.

सात नंबरच्या चौथ्या खाटेवर नंतर एक मुलगी आली. चांगली होती बिचारी. आम्ही तिला साधं टोपणनावही ठेवलं नाही. एक्सचेंजनं ती लाँड्री छत्तीस वर्षं चालवली. उशिरा लग्न केलं, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थाशी, तोही तिच्यासारखाच मोजकं बोलणारा. एक मुलगी झाली, ती शिकून पदवीधर झाली. हिची पदवी राहिली ती राहिलीच. बाहेरून परीक्षा देण्याचा फॉर्म मी तिला दोनदा नेऊन दिला, दोनदा तिनं तो चुरगळू नये म्हणून इस्त्रीच्या ब्लँकेटखाली ठेवला आणि तिथंच राहू दिला. लंबू वाचनालयात लागली. पेंगूळ बालवाडीत शिक्षिका झाली. तिथं दुपारी मुलांना झोपवायचा तास असतो, तेव्हा नवल नाही. आम्ही चौघी अजून आहोत, आणि एकमेकींच्या आहोत. मला ठाऊक आहे की हे कोणामुळे. लोक म्हणतात मैत्री आपोआप टिकते. काही आपोआप टिकत नाही, कोणीतरी कडेला उभं राहून ती टिकवत असतं.

काकूंची जीभ पुढे बरीच सुटली. शब्द एकेक करून यायचे, पण यायचे. त्यांच्या शेवटच्या वर्षी मी एकदा गेले होते, तेव्हा एक्सचेंज हॉटेलचे पडदे पोचवायला बाहेर पडली होती. काकूंजवळ बसून मी उगाच इकडचं तिकडचं बोलत होते. माझ्या सुनेचं, माझ्या गुडघ्याचं. काकू ऐकत होत्या. मग त्या हसल्या आणि मला त्या सुट्टीचं सांगायला लागल्या. रविवारी तिन्ही फोन झाले की लेक त्यांच्याजवळ बसून आमचं सगळं सांगायची. तडतडी काय म्हणाली, लंबू काय म्हणाली. काकू तेव्हा आजारी, पण तेवढा तास त्यांना बरं वाटायचं. आणि दर वेळी त्या कसंबसं खुणेनं विचारायच्या, तू तुझं सांगितलंस का त्यांना?

“काय म्हणायची ती?” मी विचारलं.

काकूंनी शब्द जुळवायला वेळ घेतला. “म्हणायची, पुढच्या रविवारी नक्की सांगते, आई. आज त्यांना खूप बोलायचं होतं.”

त्या सुट्टीत दहा रविवार होते. पहिले दोन सोडा, तेव्हा काकू धडधाकट होत्या. उरलेले आठही रविवार मला खूप बोलायचं होतं.